कोणत्या नळीला कोणती दारू

बंदुकीची दारू निवडताना तिची ताकद किती हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न ती किती वेगाने जळते हा. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही हजारांश भाग जातात. तेवढ्या अवधीत दारूने जळून वायू व्हायचे, त्या वायूने गोळी ढकलायची, आणि हे सगळे होताना दाब मात्र नळीला सोसेल तेवढाच राहायचा. दारू त्या नळीच्या मानाने फार सावकाश जळली, तर गोळी मध्येच अडकते किंवा निम्मी दारू नळीच्या तोंडाबाहेर जाऊन फुकट जळते. फार झपाट्याने जळली, तर गोळी जागची पुरती हलायच्या आत दाब चढतो आणि नळी फाटते. म्हणून सुरक्षित दारू किंवा धोक्याची दारू असे नुसते सांगता येत नाही. अमुक नळीला, अमुक गोळीमागे, अमुक वजनाची दारू सुरक्षित, एवढेच सांगता येते.

कशेडी घाटाच्या आसपासच्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी नाही. पोलादपूर आणि महाड तालुक्यांत डोंगरउतारावरची वरकस जमीन, तिच्यावर नाचणी-वरी, खाली खाचरांत भात, आणि पीक तयार होऊ लागले की रानडुकरांच्या धाडी. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक असते ती बहुधा ठासणीची. याला कायद्याचाही आधार आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरची काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा उद्योग अमेरिकेत लाखो लोक करतात. इकडे तो जवळपास नाही. पण ठासणीची बंदूक भरणारा शेतकरी दर बाराला तेच काम करत असतो. दारू कोणती आणि किती, याचा निर्णय कारखान्याने नव्हे, त्याने घ्यायचा असतो, आणि चुकला तर त्याचा चेहरा नळीपासून हातभर अंतरावर असतो.

ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे काळी दारू: सोरा, कोळसा आणि गंधक यांचे एकजीव केलेले दाणेदार मिश्रण. सोऱ्यातून प्राणवायू मिळतो, कोळसा जळतो, आणि गंधकामुळे मिश्रण लवकर पेट घेते. ही दारू जळते ती दाण्याच्या पृष्ठभागावरून आत. त्यामुळे दाणा बारीक असेल तर बार झटकन जळतो, भरड असेल तर सावकाश. पूर्वीच्या तोड्याच्या बंदुकीत कानाजवळ घालायची रंजक अगदी बारीक असे, नळीतली दारू त्याहून जाड आणि तोफेची त्याहूनही जाड. वेगाचे नियंत्रण त्या काळी दाण्याच्या आकारातूनच होई, आणि काळ्या दारूपुरते ते आजही तसेच आहे.

काळ्या दारूचे दोन गुण ठासणीच्या बंदुकीला मानवतात. एक म्हणजे दाब वाढला म्हणून तिचा जळण्याचा वेग बेसुमार वाढत नाही. दुसरे म्हणजे जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपातच उरतो. तोच पांढरा धूर आणि तीच नळीतली काजळी. वायू कमी, म्हणून दाबही बेताचा. याच दारूच्या भरवशावर शतकानुशतके लोखंडी नळ्या घडवल्या गेल्या आणि टिकल्या. अवगुणही आहेत. काजळी हवेतला ओलावा ओढते आणि नळी आतून गंजवते. महाड-पोलादपूरच्या पावसात तर बार काढल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवला नाही, तर आठवड्यात आत खवले धरतात. शिवाय ठिणगी, घर्षण, आच यांपैकी काहीही काळ्या दारूला पुरते. उघड्यावर चिमूटभर दारू भुर्रकन जळून जाते. डब्यात कोंडलेली तीच दारू डबा फोडते.

बंदूक ठासायची रीत पाहिली की दारूच्या मापाचे महत्त्व ध्यानात येते. आधी नळी रिकामी आहे याची खात्री गज आत सोडून करायची. जाणत्या लोकांनी गजावर दोन खुणा केलेल्या असतात: रिकाम्या नळीत गज किती आत जातो याची एक, आणि भरलेल्या नळीत कुठवर जातो याची दुसरी. मग दारू मापाने घ्यायची, थेट शिंगातून किंवा डब्यातून नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असला, तर मापातली दारू भडकून हात पोळेल; सगळे शिंगच भडकले तर हात राहणार नाही. दारूवर बोळा घट्ट बसवायचा, त्यावर छर्रे किंवा गोळी, वर पुन्हा पातळ बोळा. दारू आणि गोळी यांत पोकळी ठेवायची नाही, कारण मध्ये अंतर राहिले की दाबाचा धक्का त्याच जागी नळी फुगवतो किंवा फाडतो. बार पेटवणारी केप सगळ्यांत शेवटी, नळीचे तोंड मोकळ्या बाजूला असताना बसवायची. आणि बार उडाला नाही, तर लगेच नळीत डोकावायचे नाही. नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबायचे, कारण ओलसर दारू उशिराही पेटते.

यातला सर्वांत सामान्य अपघात दुहेरी बाराचा. रात्री राखणीला भरलेली बंदूक न उडवता घरी आणली जाते, खुंटीला टांगली जाते, आणि काही दिवसांनी घरातलाच दुसरा माणूस ती रिकामी समजून पुन्हा भरतो. गजावरची खूण न पाहता भरलेल्या त्या नळीत दोन बार, दोन बोळे आणि दोन वेळचे छर्रे असतात. काळी दारू सौम्य म्हणतात ती एका मापापुरती. गजाची खूण फुकट मिळते, तरी ती करण्याचा आळस होतो हे दुर्दैव.

आता गावोगाव होऊ शकणारी, आणि दुहेरी बारापेक्षाही घातक अशी चूक. काळी दारू सहज मिळत नाही, म्हणून कारखान्याचे काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत घालायची. दिसायला ती काळपट-करड्या चकत्या किंवा बारीक गोळ्यांसारखी असते, हातात घेतली तर निरुपद्रवी वाटते, उघड्यावर पेटवली तर काळ्या दारूपेक्षा सावकाशच जळते. या दिसण्याने माणूस फसतो. ती बिनधुराची दारू असते आणि तिचा स्वभाव वेगळा. दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी चढतो. ती जवळजवळ सगळीच्या सगळी वायू होते, मागे राख उरत नाही. काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर नळीवर जो दाब येतो तो तिच्या जडणघडणीच्या कितीतरी पलीकडचा असतो. नळीचे बूड आट्यासकट मागे सुटते, किंवा नळी सांध्यावर उकलते. नेम धरणाऱ्याचा डावा हात आणि उजवा डोळा नेमके तिथेच असतात. ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू अजिबात घालायची नाही, थोडीसुद्धा नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. या विषयातला हा एकमेव नियम असा आहे की ज्याला अपवाद शोधत बसू नये.

बिनधुराच्या दारूचा इतिहास तिच्या स्वभावाचा उलगडा करतो. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. तो बंदुकीत घालण्याचे प्रयोग झाले आणि बंदुका फुटल्या, कारखानेही उडाले, कारण सच्छिद्र तंतूंत आग एकदम आत शिरे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएईने तोच पदार्थ द्रावकात मळून, लाटून, शिंगासारखा कडक केला आणि त्याच्या बारीक चकत्या कापल्या. आता आग आत शिरू शकत नव्हती, थराथराने आत सरकत होती. जळण्याचा वेग माणसाच्या हातात आला तो या घटनेनंतर. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट केले आणि १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आले. निलगिरीतल्या अरवंकाडूला कॉर्डाइटचा कारखाना १९०४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, म्हणजे काळ्या दारूच्या जमान्यातला. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा कारखाना १९६० च्या दशकातला, आणि तिथे या आधुनिक दारू बनतात. २४ जानेवारी २०२५ ला तिथे झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. प्रशिक्षित माणसे, जाड भिंती आणि कडक नियम असतानाही हा पदार्थ एखादा क्षण माफ करत नाही, तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्याच्याशी खेळणाऱ्याने काय अपेक्षा धरावी?

बिनधुराच्या दारूचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: घटक, दाण्याचा आकार आणि वरचा लेप. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची दारू एकघटकी, नायट्रोग्लिसरीन मिसळलेली द्विघटकी. दुसरी अधिक उष्ण आणि अधिक जोरकस. चकती किंवा गोल दाणा जळत गेला की त्याचा पृष्ठभाग आक्रसतो, म्हणून वायू सुरुवातीला भरपूर आणि मग कमी. मधून भोक पाडलेला नळीसारखा दाणा बाहेरून आणि आतून एकाच वेळी जळतो. बाहेरचा पृष्ठभाग घटतो तेवढा आतला वाढतो, म्हणून वायूचा पुरवठा साधारण एकसारखा राहतो. तोफेच्या जाड दाण्यांना सात-सात भोके असतात, त्यांत वायू उत्तरोत्तर वाढत जातो. दाण्यावर लेप दिला की सुरुवातीचा भडका आवरतो. वर दिसणारा काळा तुकतुकीतपणा बहुधा ग्रॅफाइटचा. दाणे एकमेकांवरून घसरावेत आणि स्थिर वीज साठू नये म्हणून तो देतात.

रायफलीची नळी लांब, गोळी जड आणि काडतूस मोठे. तिथे सावकाश जळणारी दारू लागते, म्हणजे दाब हळूहळू चढून गोळीला लांबवर ढकलत राहतो. पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची, काडतूस बोटाच्या पेराएवढे, गोळी हलकी. तिथे झटपट जळणारी दारू लागते, नाहीतर गोळी निघून जाते आणि दारू मागे राहते. पिस्तुलाची वेगवान दारू रायफलीच्या मोठ्या काडतुसात भरली, तर रायफलीचा खटका आणि नळी दोन्ही जातात. उलट रायफलीची सावकाश दारू पिस्तुलात भरली, तर बहुधा गोळी नळीत अडकते. पहिल्या चुकीचा आवाज मोठा असतो म्हणून तिची चर्चा होते. दुसरी चूक गुपचूप होते, आणि तिच्या मागून येणारा दुसरा बार माणूस जखमी करतो.

हातबंदुकीच्या काडतुसाला सुरक्षित दारू कशी निवडायची, याचे शास्त्र पाश्चात्त्य देशांत शंभर वर्षांच्या अपघातांतून घडले आहे. त्यातली पहिली कसोटी काडतुसातल्या रिकाम्या जागेची. ०.३८ स्पेशल आणि ०.३२ लाँग ही रिव्हॉल्वरची काडतुसे १८९० च्या दशकातली, काळ्या दारूच्या मापाने आखलेली. काळी दारू पुष्कळ जागा घेते, म्हणून काडतुसाचे नळकांडे ऐसपैस. पुढे बिनधुराची दारू आली, तिची मात्रा एवढीशी. छोट्या रिव्हॉल्वरच्या काडतुसात वेगवान दारूचे वजन कित्येकदा जेमतेम दीड-दोन गुंजा भरते आणि नळकांड्याचा तळ कसाबसा झाकला जातो. अशा काडतुसात चुकून दोनदा दारू पडली तरी वरून पाहताना लक्षात येत नाही. तिप्पट दारूही मावते. दाब मात्र दुप्पट होऊन थांबत नाही. दाब आणि वेग एकमेकांना वाढवत नेतात, म्हणून दुप्पट दारूचा दाब दुपटीच्या बराच पुढे जातो. रिव्हॉल्वरचे चक्र वरच्या बाजूने उडते, पिस्तुलाची मूठ फुटते.

म्हणूनच जाणते लोक मात्रा थोडी लागते म्हणून काटकसरीची वाटणारी दारू टाळून फुगीर दारू निवडतात. तिने नळकांड्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापावा, म्हणजे दुसऱ्यांदा ओतली तर ती काठोकाठ येऊन बाहेर सांडेल. डोळ्यांना दिसणारी चूक ही सुरक्षित चूक. अमेरिकेत १८९८ पासून विकली जाणारी बुल्सआय ही वेगवान दारू नेमबाजांची आवडती, कारण तिच्या थोड्या मात्रेत नेम उत्तम लागतो. पण नवशिक्याला ती देऊ नये असे अनुभवी लोक सांगतात ते याच कारणाने. उलट ट्रेल बॉस नावाची दारू मुद्दाम भोकाच्या चकत्यांची, अतिशय फुगीर बनवली गेली, जुनी मोठी काडतुसे कमी दाबात भरता यावीत म्हणून. रिकामी जागा उरली की आणखी एक दोष येतो. बंदूक खाली झुकवली की दारू पुढे सरकते, वर केली की मागे तळाच्या पेटवणाऱ्या टोपीजवळ येते, आणि एकाच वजनाच्या दारूने वेगवेगळा दाब येतो. भरलेल्या नळकांड्यात हा फरक मिटतो.

दुसरी कसोटी छापील माहितीची. दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक काडतुसासाठी, गोळीच्या वजनानुसार, कमीत कमी आणि जास्तीत जास्त मात्रा दाबमापकावर तपासून प्रसिद्ध करतात. त्या तक्त्यात जी दारू त्या काडतुसासमोर छापलेली नाही, ती त्या काडतुसाची नाही. सुरुवात खालच्या मात्रेपासून करायची आणि वरची मर्यादा ओलांडायची नाही. पण काही सावकाश दारूंना खालची मर्यादाही तेवढीच सक्तीची असते. मात्रा फार घटवली तर त्या नीट पेटत नाहीत. तक्ता ज्या गोळीसाठी आहे ती गोळी आणि ज्या टोपीसाठी आहे ती टोपी, हेही पाळावे लागते. ९ मिमीच्या आखूड काडतुसात तर गोळी नेहमीपेक्षा थोडी खोल बसली, तरी आतली जागा घटून दाब झपाट्याने चढतो. दाबांतला मूळचा फरकही मोठा आहे: अमेरिकी मानकात ०.३८ स्पेशलची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, तर ९ मिमी आणि ०.३५७ मॅग्नम यांची ३५,०००. ०.३८ आणि ०.३५७ यांच्या गोळीचा व्यास एकच असतो, हे लक्षात घेतले तर नावाच्या भरवशावर मात्रा ठरवणे किती घातक हे कळते.

तिसरी कसोटी ओळखीची. दारू रंगावरून, दाण्यावरून, वासावरून ओळखता येत नाही. नावातल्या एका अक्षराचाही फरक खरा असतो: आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या दोन वेगळ्या दारू आहेत, आणि एकीचा तक्ता दुसरीला लागू होत नाही. वेगाच्या क्रमाने लावलेल्या याद्या मिळतात, त्या फक्त क्रम दाखवतात. शेजारच्या क्रमांकाची दारू बदली म्हणून चालते असा त्यांचा अर्थ नाही. दारू भरताना समोर एकच डबा असावा, काम संपले की उरलेली दारू त्याच डब्यात परत जावी, आणि लेबल नसलेल्या बाटलीतली दारू, कुणीही दिलेली असो, वापरू नये. कारखान्याच्या काडतुसांतली दारू तर याहून अनोळखी. कारखाने घाऊक दारू घेतात आणि प्रत्येक लॉटचा दाब स्वतः मोजून मात्रा बदलत राहतात. किरकोळ डब्यांत विकल्या जाणाऱ्या दारूचा वेग मात्र लॉटमागून लॉट सारखा राखलेला असतो. म्हणून फोडलेल्या काडतुसातल्या दारूला कोणताच तक्ता नसतो. ती पिस्तुलाची नाही, रायफलीची नाही, ठासणीच्या बंदुकीची तर नाहीच.

भरलेल्या काडतुसाची चूक बार काढतानाही पकडता येते, कान उघडे असतील तर. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का कमी बसला, की तिथेच थांबायचे. बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचे. दारू न पडलेल्या काडतुसात नुसत्या टोपीच्या जोरानेही गोळी नळीत दोन-तीन इंच जाऊन बसते. तिच्यावर दुसरी गोळी आदळली की नळी फुगते. घाईने चाप ओढणाऱ्या नेमबाजाला हे कळायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या क्रीडा नेमबाजीत या सगळ्याचा संबंध अगदी थोडा येतो. १० मीटर पिस्तूल हवेच्या दाबावर चालते, तिथे दारूच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात ०.२२ ची काडतुसे लागतात, आणि त्यांचे पेटते रसायन नळकांड्याच्या कडेतच भरलेले असल्यामुळे ती एकदा उडाली की पुन्हा भरण्याजोगी राहत नाहीत. सामान्य परवानाधारकाकडे हातबंदूक असते ती बहुधा ०.३२ ची, आणि तिला कारखान्यात भरलेले काडतूस हाच सुरक्षित मार्ग आहे. ९ मिमीसारखी काडतुसे निषिद्ध गटातली; सर्वसाधारण परवान्यावर ती मिळत नाहीत. १९५९ च्या अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. घरी काडतूस भरण्याचा विचार मनात आलाच, तर पोलादपूर-महाडच्या माणसाने पहिले पाऊल अलिबागला रायगडच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या कार्यालयात टाकायचे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवानाही नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याची रीतसर परवानगी लागते.

दारूच्या नावाखाली आणखी दोन पदार्थ या भागात हाताशी येऊ शकतात, आणि दोन्ही बंदुकीला वर्ज्य. एक म्हणजे फटाक्यांतले किंवा रानडुकरांसाठी बेकायदा बनवल्या जाणाऱ्या गावठी बॉम्बमधले पोटॅशचे मिश्रण. पोटॅशमधले क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की ते नुसत्या घासण्याने, दाबानेही उडते. भारतात फटाक्यांमध्ये हे मिश्रण वापरायला १९९२ पासून बंदी आहे. गजाने ठासायच्या बंदुकीत असा पदार्थ म्हणजे ठासतानाच बार. दुसरा पदार्थ सुरुंगाचा. कशेडी घाटाखालून मुंबई-गोवा महामार्गाचे सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे निघाले, तसा काळा कातळ फोडायला लागणारी स्फोटके वेगळ्या जातीची असतात. बंदुकीची दारू जळते; सुरुंगाच्या स्फोटकात धक्क्याची लाट सेकंदाला काही हजार मीटर वेगाने धावते. तिला गोळी ढकलायला वेळच नसतो, ती नळीच फोडते.

निवडलेली दारू सुरक्षित राहणे हे ती कशी ठेवली यावर अवलंबून, आणि या बाबतीत या मुलखाला जुनी शहाणीव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल तपशीलवार सूचना लिहून ठेवल्या. दारूखाना राहत्या घराजवळ असू नये, सदरेपासून सुटा असावा, भोवती दाट झाडोरा राखावा, आत तळघर करून दारू जमिनीला न टेकवता उंचावर ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावी. ओलावा, आग आणि बेजबाबदार हात या तिन्ही शत्रूंचा बंदोबस्त त्यात आहे. रायगडावर दारूकोठाराचे अवशेष आजही दाखवतात. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या सैन्याने गडावर तोफांचा मारा केला, गडावर आगी लागल्या, वाडे जळाले, आणि १० मेला गड इंग्रजांच्या हाती गेला. लाकडी वाड्यांच्या आणि दारूच्या गडाला बाहेरून आलेला पेटता गोळा काय करतो, ते महाडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

घरगुती प्रमाणात नियम तेच, फक्त दोन्ही दारूंची काळजी निराळी. काळ्या दारूला ठिणगीपासून जपायचे: लोखंडी चमचा, चाळणी, खिळा काही नको, लाकूड किंवा पितळ चालेल, जवळ विडी, चूल, दिवा नको, नायलॉनचे कपडे नकोत. तिच्यात पावसाळी ओल शिरली आणि ती पुन्हा वाळवली, तर सोरा विरघळून पुन्हा वेगळा बसतो, गुठळ्या होतात आणि तिची जळण्याची रीत बदलते. अशी गुठळलेली दारू कुटून सारखी करण्याचा मोह होतो. ते कुटणेच जिवावर बेतते. बिनधुराच्या दारूला उष्णतेपासून जपायचे. नायट्रोसेल्युलोज आपोआप, मंदपणे विघटित होत असते आणि त्यातून निघणारी आम्ले विघटन आणखी वाढवतात. ती शोषून घ्यायला कारखान्यात डायफिनिलअमाइनसारखे स्थिरकारक घालतात, पण ते संपते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेल्या डब्यात ते लवकर संपते. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबूस वास, दाण्यांवर तांबूस भुकटी, डब्याच्या आतून गंज, यांतले एकही लक्षण दिसले की ती दारू वापरायची नाही आणि साठवायचीही नाही. ढीग मोठा असेल तर ती आपोआप पेट घेऊ शकते. साठवण मूळच्या डब्यातच करावी. कारखान्याचा डबा मुद्दाम नाजूक झाकणाचा असतो, म्हणजे आग लागली तर तो लवकर उघडतो. जाड लोखंडी पेटीत गच्च बंद केलेली दारू आगीत बॉम्बसारखी वागते. टोप्या आणि केपा दारूपासून वेगळ्या खोलीत, आणि सगळेच मुलांच्या हाताबाहेर, कुलपात.

आजोबांच्या काळातली दारू माळ्यावर सापडणे खेड्यात नवे नाही. तिची ओळख पटत नाही, वय माहीत नसते, परवाना कदाचित आजोबांबरोबरच संपलेला असतो. ती उन्हात वाळवून पाहू नये, विहिरीत किंवा नदीत टाकू नये, शेतात पेटवून पाहू नये, दुसऱ्या डब्यात ओतूही नये. आहे तिथे राहू द्यावी, मुलांना आणि चुलीला दूर ठेवावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे, आणि अशा साठ्याची विल्हेवाट प्रशिक्षित पथकानेच लावायची असते. परवाना संपलेली बंदूक असेल तर तीही त्याच वेळी ठाण्यात जमा करावी; ती भरलेली आहे की नाही हे तपासायला गज नळीत सोडण्याआधी केप निघाली आहे ना, हे पाहावे.